शब्दावर उघडलेलं दार

जावयाने सासऱ्याच्या ताटात स्वतःच्या हाताने भात वाढला, नको नको म्हणत असताना वाढला, आणि वर भाजीची वाटीही पुढे सरकवली.

"घ्या हो. आज सुट्टी आहे ना तुमची? तीन वाजेपर्यंत उठू द्यायचं नाही, असं ठरवलंय आम्ही."

बंबसाहेबांनी लेकीकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि नवऱ्याचं हे रूप तिलाही नवीनच असावं. लग्नाला तीन वर्षं झाली, पण या गृहस्थाने सासऱ्याला कधी पाण्याचा पेला उचलून दिला नव्हता. जावई म्हणजे दहावा ग्रह, वाकडा असला तरी त्याला सरळच म्हणायचं, अशी बंबसाहेबांच्या दिवंगत पत्नीची शिकवण होती. आज ग्रह आपणहून प्रसन्न झाला होता. अशा वेळी माणसाने मुकाट्याने जेवावं. ते जेवू लागले, पण घास काही गोड लागेना.

बंबसाहेब हे नाव त्यांना मशिदीकडच्या लोकांनी दिलेलं. अग्निशमन केंद्राचे ते प्रमुख, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. आठ महिन्यांपूर्वी वरच्या कार्यालयातून कागद आला होता: स्थानिक मुस्लिम समाजाशी संपर्क वाढवावा. तेव्हा ते चांगलेच करवादले होते. माणसं अपुरी, पाइप फाटलेले, आणि त्यात हे. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं! पण कागद आला म्हणजे जावं लागतं. ते गेले, चहा प्याले, आणि मशिदीचं मागचं दार पाहून त्यांचं डोकंच फिरलं. दोनशे माणसांना ये-जा करायला पुढचं एक अरुंद दार, आणि मागच्या दाराला आतून अडसर घालून वर दोन कपाटं टेकवलेली.

"मागच्या गल्लीतून काय काय येतं ते तुम्हाला ठाऊक नाही, साहेब," मशिदीचा कारभार पाहणारे चष्मेवाले चाचा म्हणाले होते. "कधी घाण, कधी दगड. एकदा पेटता बोळा आला. तेव्हापासून बंद आहे ते बंदच बरं."

"आगीला पुढचं-मागचं कळत नाही, चाचा. पुढे लागली तर एवढी माणसं कुठून काढू मी?"

चार महिने हे चाललं. चाचांचं चष्म्याचं दुकान होतं. तिथे बसून बंबसाहेब हुज्जत घालत आणि चाचा त्यांच्या नाकावर काचा बदलून बदलून बघत. "लांबचं तुम्हाला झकास दिसतं," चाचा म्हणत, "बोंब आहे ती जवळच्याची." शेवटी एक दिवस बंबसाहेब म्हणाले, माझ्या शब्दावर उघडा. दर शुक्रवारी मी स्वतः त्या दारापाशी स्टूल टाकून बसतो, मग तर झालं? कपाटं हलली, अडसर निघाला. आणि बंबसाहेब खरोखरच बसले, एकही शुक्रवार न चुकता. आजचा पहिलाच खाडा. "लेकीचं घर आधी, आम्ही कुठे पळून जातोय," असं म्हणून चाचांनीच त्यांना पिटाळलं होतं.

फोन वाजला. केंद्रातून त्यांच्या हाताखालचा अधिकारी बोलत होता.

"साहेब, जेवताना त्रास देतोय. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गोदामाला आग लागल्याचा फोन आलाय. दोन्ही बंब काढलेत."

"बरं केलंत. पोचलात की कळवा."

त्यांनी फोन ताटाशेजारी ठेवला.

"दोन्ही गेले?" जावयाने विचारलं.

"गेले."

जावयाने मान डोलावली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. त्याने पुन्हा भाताचा चमचा भरला, तसा बंबसाहेबांनी ताटावर हात आडवा धरला. बंब गेले, दोन्ही गेले, हे याला कसं कळलं? फोनवर आपण तर तसं काहीच बोललो नव्हतो. आवाज बाहेर ऐकू गेला असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. समजूत काही पटेना.

गेल्या आठवड्यात हा केंद्रावर आला होता, तोही पहिल्यांदाच. केंद्राच्या मोठ्या खोलीत शहरातल्या प्रत्येक गर्दीच्या जागेचा नकाशा टांगलेला असतो. शाळा, इस्पितळ, सिनेमागृह. येता-जाता जवानांच्या डोळ्यांखालून जावा, एवढाच हेतू. मशिदीचा नकाशा बंबसाहेबांनी स्वतः, पट्टी-पेन्सिल घेऊन, चार रविवार खर्चून काढला होता. जावई नेमका त्याच्यासमोर थबकला. काय सुरेख काढलाय हो! हे मागचं दार कुठल्या बाजूला उघडतं? शुक्रवारी माणसं किती असतात? बंबसाहेबांना कोण आनंद झाला. हुरळली मेंढी अन् लागली लांडग्याच्या मागे! न विचारलेलंही सांगून झालं. पुढचं दार किती अरुंद आहे, म्हातारी माणसं कुठे बसतात, अडगळीची खोली कुठे आहे, सगळं.

फोन पुन्हा वाजला. या वेळी चष्मेवाले चाचा होते. चाचा कानाने कमी ऐकत, म्हणून फोनवर ओरडूनच बोलत. आज मात्र ते दबक्या आवाजात बोलायची खटपट करत होते.

"जेवण झालं का, साहेब? आत खुतबा चाललाय, मी जरा पायरीवर आलोय." खुतबा म्हणजे नमाजाआधीचं इमामांचं प्रवचन. "तुमचे जावई सकाळी येऊन गेले. फार भला माणूस. आज तुम्ही नाही, म्हणून तुम्हीच त्यांना पाठवलंय म्हणाले. मागच्या दाराला तेल घातलं, बिजागऱ्या पाहिल्या, पेटी घेऊन अडगळीच्या खोलीतही जाऊन आले. एकच कळलं नाही. बाहेरून कडी कशाला बसवलीत? आत्ता ढकलून पाहिलं तर दार हलत नाही. कुलूप घातलंय वाटतं."

बंबसाहेबांनी जावयाकडे पाहिलं. जावई बोटाने ताटातली शितं एका बाजूला गोळा करत होता.

"चाचा, सगळ्यांना बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता, पुढच्या दाराने. चपला राहू देत. म्हातारी माणसं आधी."

"खुतबा थांबवून?"

"थांबवून."

"असं कोणी करत नाही, साहेब. लोक विचारतील कशासाठी, तर काय सांगू?"

"माझ्या शब्दावर."

बंबसाहेबांना स्वतःचीच लाज वाटली. याच शब्दावर ते दार उघडलं होतं, आणि याच शब्दावर आज सकाळी एक माणूस हसतमुखाने आत जाऊन आला होता. तिसऱ्यांदा तोच शब्द कोणत्या तोंडाने द्यायचा?

"बरं," चाचा म्हणाले. फोन त्यांनी बंद केला नाही.

"तुझ्या फोनवरून केंद्रात लाव," बंबसाहेब लेकीला म्हणाले. "म्हणावं, एक बंब जिथे असेल तिथून मशिदीकडे फिरवा. मी सांगतोय."

तिने का म्हणून विचारलं नाही. तिच्या हातातलं भांडं तिने खाली ठेवलं आणि नंबर लावला.

"तुम्ही भलतंच मनावर घेताय," जावई उठत म्हणाला. "बसा, बाबा."

बाबा! तीन वर्षांत पहिल्यांदा. बंबसाहेबांनी फोन कानाशी घट्ट धरला. लाउडस्पीकरवरचा इमामांचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटला. मग पावलांचा आवाज, गलका, कोणीतरी आपल्या आजोबांना हाका मारतंय. कोणीतरी रागाने विचारत होतं, "सांगितलं कोणी?" आणि चाचा ओरडत होते, "बंबसाहेबांनी सांगितलंय, चला!"

जावई बाहेरच्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

"तुम्हाला काही सिद्ध करता येणार नाही. आणि करायला गेलात, तर आधी हिचा विचार करा. तिसरा महिना चाललाय तिला. बोलली नसेल तुम्हाला."

लेकीने मान खाली घातली.

"आज जेवणं झाल्यावर सांगणार होते," ती म्हणाली.

सकाळी हा स्वतःची ओळख सांगून मशिदीत कसा गेला, इतका बेफिकीर कसा राहिला, याचं उत्तर बंबसाहेबांना मिळालं. सासरा तोंड उघडणार नाही, याची याला पक्की खात्री होती.

"साहेब, आहात ना?" चाचांना धाप लागली होती. "सगळे रस्त्यावर आलेत. मी दोनदा मोजले. शेवटचा माणूस बाहेर पडला आणि पुढच्या दारालगतच्या अडगळीच्या खोलीतून धूर यायला लागला."

"कोणाला आत जाऊ देऊ नका. बंब निघालाय."

"नाही जाऊ देत."

चाचा पुढे बोलले तेव्हा दबका आवाज त्यांना जमला नाही, खोलीभर ऐकू गेलं.

"पोलीस येतील, साहेब. कडी कोणी बसवली, ते विचारतील. लेक तुमची त्या घरात आहे. मी म्हातारा माणूस, सकाळची घाई, चेहरा नीट पाहिला नाही म्हटलं तर कोणी मला खोटं म्हणणार नाही. तसं सांगू का?"

जावयाचे खांदे सैल पडले. तो दारापासून हलला, टेबलाशी आला आणि स्वतःच्या खुर्चीवर बसला. बंबसाहेबांनी तोंड उघडलं. तीस वर्षं आगीसमोर उभं राहून हुकूम सोडणारा तो माणूस, पण त्याला आता ना हो म्हणवेना, ना नाही. त्यांना लेकीकडे बघवत नव्हतं.

तिने वडिलांच्या हातातून फोन घेतला.

"चाचा, मी त्यांची मुलगी बोलतेय. सकाळी ते कितीला आले होते?"

"नऊच्या सुमारास, बेटा. पण मी म्हणतोय ना..."

"साडेआठला ते घरून निघाले. हातात हत्यारांची पेटी होती. जाताना मला सांगून गेले, बाबांना तीनपर्यंत सोडू नको." तिने नवऱ्याकडे एकदा सरळ पाहिलं. "चेहरा नीट आठवा, चाचा."