लाऊ मेस्त्रींची पेटी

"जित्या माणसाची शवपेटी करालासा?" गंगव्वा नवऱ्याचा डबा हातात धरून वर्कशॉपच्या दारातच थांबली. "मेस्त्री अजून दवाखान्यात हाईत की."

"डॉक्टर म्हणालाय, आता दिवस मोजायचे," कल्लाप्पा म्हणाला. "चांगली पेटी व्हायला आठ दिस लागतात. मी शब्द दिलाय."

साल शहाण्णव. लाऊ मेस्त्री मूळचे कँटनकडचे सुतार. बंगलोरला शिवाजीनगरच्या गल्लीत त्यांचं फर्निचरचं दुकान, आणि निपाणीचा कल्लाप्पा बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली. मेस्त्रींची बायको गेलेली, मुलगी कॅनडात. 'माझी पेटी तू कर, बाजारची नको,' एवढंच त्यांनी मागितलं होतं.

कल्लाप्पा मुळातच उतावळा. सरस वाळायच्या आत शिकंजा सोडायचा आणि सांधा उकलायचा. मेस्त्री शिवी देत नसत, फक्त 'थाउ-बोउ' म्हणत. त्यांच्या कँटनी बोलीत, शर्यतीची शिट्टी वाजायच्या आधीच चोरून टाकलेलं पाऊल. हा शब्द कल्लाप्पाने स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकला असेल.

या वेळी मात्र त्याने सांधे नीट वाळू दिले. सगळं सागवान, एकही खिळा नाही. नवव्या दिवशी सकाळी तो झाकण घासत होता, तोच दारात रिक्षा थांबली आणि शेजारच्या मंजुनाथच्या खांद्यावर हात टेकून मेस्त्री उतरले. ताप उतरला होता, डॉक्टरांनी घरी सोडलं होतं.

पेटीवर टाकायला कल्लाप्पाला साधी चादर सापडेना. आपणच त्या पेटीत पडावं असं त्याला वाटलं.

"मेस्त्री, थाउ-बोउ झालं माझं," तो मान खाली घालून म्हणाला.

मेस्त्री स्टुलावर बसून दम घेत राहिले. कल्लाप्पाच्या संगतीने त्यांनी मोडकंतोडकं मराठी उचललं होतं. "नाही," ते म्हणाले. "आमच्या गावात म्हातारा जिता असताना करतात. घरात ठेवतात. म्हातारा खूश."

मग उठून त्यांनी एकेका सांध्यावरून अंगठा फिरवला. तो कुठेही अडला नाही. टेप मागून पेटी मोजली, स्वतःलाही मोजून घेतलं.

"लांब झाली. चार बोटं काप."

कल्लाप्पाने माप घेतलंच नव्हतं. मेस्त्रींची उंची नजरेत होती, तीच धरून फळ्या कापल्या होत्या. आजारपणात ते इतके आखडले, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मेस्त्रींनी सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नव्हतं. त्याने करवत उचलली, फळीवर ठेवली आणि पुन्हा खुंटीला टांगली.

"असू दे की, मेस्त्री," तो म्हणाला. "पाय पसरून झोपा."