कोठीसकट

प्रेमलाबाईंचा सुबोध हुशार, हे शुक्रवार पेठेत वेगळं सांगायला नको होतं. तो स्वतःच सांगत फिरायचा. बापाची विद्या मात्र त्याने कधी घेतली नाही. यज्ञेश्वर गुरुजी पिढीजात उपाध्ये. कुणाकडे नवरात्रात कोणत्या फुलांची माळ, कुणाला पुरणाचा नैवेद्य चालत नाही, साऱ्या यजमानांचा कुळाचार त्यांच्या तोंडात. सुबोधने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर डॉकर नावाच्या प्रोग्रॅममध्ये एक विकी, म्हणजे पानं जोडत जायची वहीच, चालू करून दिला. गुरुजी सांगत गेले, बाई एका बोटाने टाइप करत गेल्या. काम पुरं झालं आणि गुरुजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळत मात्र सगळं होतं. मग यजमानांचे फोन आले की बाई विकी उघडून वाचायच्या आणि पलंगावर गुरुजी बरोबर म्हणून डोळे मिटायचे. एवढंच त्यांचं बोलणं उरलं होतं.

घटस्थापना तोंडावर आलेली, आणि वीज जाऊन आल्यावर विकी उघडेना. डेटाबेस सापडत नाही म्हणे. यजमानांपैकी वैरागच्या वहिनींचा फोन दोनदा येऊन गेला.

"अरे, बघ की जरा," बाई म्हणाल्या.

सुबोध पलंगाशेजारी मोबाईलवर मॅच बघत पसरला होता. उठायचं कुणी? मान वर न करता तो म्हणाला, "मी सांगतो ते टाक. डॉकर कंपोज डाऊन. पुढे डॅश, व्ही."

बाईंचं बोट थांबलं. "पण तूच म्हणाला होतास ना, डॉकरचा कंटेनर म्हणजे नुसता डबा, तो फेकला तरी माल बाहेर कोठीत राहतो. आणि व्ही लावला की कोठीसकट जातं?"

खरंच होतं ते. पण आईने आपल्याला शिकवावं? साहेबांचं डोकंच फिरलं. "तुला कळतं की मला? दाब म्हटलं की दाबायचं!"

बाईंनी दाबलं. मग त्याने सांगितलं तसं पुन्हा चालू केलं. विकी उघडला, अगदी झकास उघडला. कोरा करकरीत. 'स्वागत आहे. पहिलं पान तयार करा.'

आता मात्र सुबोध ताडकन उठला. दुसरी प्रत काढून ठेवतो, उद्या काढतो, असं तो वर्षभर म्हणत आला होता. प्रत कुठेच नव्हती.

"पानं कुठं गेली रे?" बाईंनी विचारलं.

चुकलं माझं, एवढं म्हणायचं होतं. मेल्याची जीभ झडली नसती!

"तुला व्ही लावायला सांगितलं कुणी?" तो म्हणाला.

"तू... तूच की."

"मी? लावू नको म्हणून मीच बजावलं होतं ना? आत्ता तुझ्याच तोंडाने म्हणालीस!"

बाई गोंधळल्या. म्हटलं तर होतं. "मग माझंच काहीतरी..."

"हल्ली तुझ्या ध्यानात राहत नाही, आई."

पलंगावरून घुसमटल्यासारखा आवाज आला. गुरुजींनी सगळं ऐकलं होतं. डावा हात वर आला आणि बोट सुबोधकडे रोखलं गेलं. बाई धावल्या, पायांवर डोकं ठेवून रडायला लागल्या. "माझ्या हातून गेलं हो! तुमचं सगळं घालवलं मी!" बोट तसंच रोखलेलं.

"काय म्हणताहेत रे?"

सुबोधने तो हात हळूच धरला, खाली दाबला आणि वरून चादर घट्ट खोचली. "तुझ्यावर चिडलेत," तो म्हणाला.

"चिडणारच की," बाई पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या. "आता यांना माझं तोंडही बघवायचं नाही."

त्या दिवसापासून बाई गुरुजींना उशामागे बसून भरवू लागल्या, आपण दिसू नये म्हणून. गुरुजी त्यांच्याकडे मान वळवायची धडपड करत. मान वळत नसे. बाईंना वाटे, घास नको म्हणताहेत.