लांब दांड्याचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. मला कोणी भिंतीवर टांगत नाही. माझ्यासमोर उभे राहून कोणी भांग पाडत नाही. मी तळहाताएवढा आहे, माझ्या एका कडेला तडा गेला आहे आणि माझा दांडा टोकाशी वाकवलेला आहे. ज्यांना स्वतःची पाठ जाणवत नाही, त्यांना ती दाखवणे हे माझे काम.

माझा जन्म या कामासाठी झाला नव्हता. मी एका स्कूटरचा डावा आरसा होतो. तैवानच्या दक्षिणेला नेइपू नावाचे गाव आहे. तिथल्या चुंग रुइमेई या बाईंची ती स्कूटर. त्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायच्या आणि पहाटे साडेपाचला घरून निघायच्या. एका सकाळी खडीने भरलेला ट्रक मागून आला. तो आधी मला दिसला. रुइमेईंनी माझ्यात पाहिले तेव्हा तो फार जवळ आला होता.

स्कूटरचे तुकडे त्यांच्या भावाच्या, आ-छिंगच्या, दुरुस्तीच्या दुकानात आणून टाकले. मी त्या ढिगात वर्षभर पडून होतो. रुइमेई वाचल्या, पण छातीच्या मागचा कणा मोडला होता. छातीखाली त्यांना स्पर्श कळेना, थंड-गरम कळेना, दुखले तरी कळेना.

इस्पितळातून घरी सोडताना परिचारिकेने बजावले होते, "रोज सकाळ-संध्याकाळ कंबर, माकडहाड, टाचा बघायच्या. त्या आता तुम्हाला हाक मारणार नाहीत."

रुइमेई म्हणाल्या, "मला ते शरीर बघायचंच नाही."

आणि खरोखरच त्यांनी पाहिले नाही. दोन महिन्यांनी घरात वास येऊ लागला. त्यांच्या आईला वाटले, उंदीर मेला असेल. त्यांनी सगळी कपाटे सरकवून पाहिली. उंदीर नव्हता. रुइमेईच्या माकडहाडापाशी जखम झाली होती आणि ती हाडापर्यंत पोचली होती. त्यानंतर चार महिने त्या इस्पितळात पालथ्या पडून होत्या. तापात दोनदा शुद्ध हरपली. एका दुपारी भाऊ भेटायला आला, तेव्हा उशीतून तोंड वर काढून त्या म्हणाल्या, "छिंग, मला एक आरसा करून दे. लांब दांड्याचा. यापुढे मीच बघणार."

आ-छिंगने ढिगातून मला उचलले. ॲल्युमिनियमची नळी तापवून वाकवली, मला तिच्यावर बसवले आणि पकडायला स्कूटरच्या मुठीचे रबर चढवले. देताना तो घुटमळला. "ताई, हा त्याच गाडीचा आहे. तडाही गेलाय. दुसरा आणू का?"

"दिसतं ना त्यात? मग दे इकडे."

असे माझे दुसरे आयुष्य सुरू झाले.

त्या इस्पितळात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कणा मोडलेल्या माणसांसाठी व्याख्यान होत असे. गावोगावहून लोक येत. कोणाच्या चाकाच्या खुर्चीमागे बायको असे, कोणाच्या आई. आधी डॉक्टर पडद्यावर चित्रे दाखवत, आणि थंडगार हवेत निम्मे लोक पेंगत. रुइमेई तीन वर्षे ऐकायला जात होत्या. मग एकदा डॉक्टरांनीच त्यांना बोलायला सांगितले. त्यांनी मला वर धरले आणि पहिलेच वाक्य टाकले, "मी माझी पाठ बघायला लाजले, म्हणून चार महिने इथल्या सगळ्यांनी ती बघितली."

पेंगणारे जागे झाले. त्या दिवसापासून व्याख्यान त्यांचे झाले. लघवीची नळी, शौचाची वेळ, नवरा-बायकोचे जवळ येणे, जे कोणी मोठ्याने बोलत नव्हते ते त्या बोलत. बोलता बोलता मला रांगेत फिरवत. किती हातांनी मला धरले! काहींची बोटे मिटत नसत, ते मला दोन्ही तळव्यांत दाबून धरत. मला त्याचा अभिमान वाटे.

अशाच एका शनिवारी लाइ ता-शुन आले. लालचुटूक, रसाळ जामाच्या फळांची त्यांची मोठी बाग होती. फळांना कागदी पिशव्या बांधताना शिडीवरून पडून त्यांची मान मोडली होती. हात खांद्यातून हलत, पण बोटांत जोर नव्हता. त्यांना जबरदस्तीने घेऊन आली होती त्यांची बायको, आ-फंग. ती त्यांना "मालक" म्हणे. कधी लाडाने, कधी टोमण्याने.

मी त्यांच्यापर्यंत पोचलो तेव्हा ते म्हणाले, "हे काय? आता बूड आरशात बघायचं? मास्तरीणबाई, मी बागाईतदार आहे, नटी नाही."

सगळे हसले. रुइमेईही हसल्या. "लाइदादा, झाडाच्या बुंध्याला कीड लागली तर वाकून बघता ना?"

"झाडाची गोष्ट वेगळी. झाड पैसे देतं."

मग रुइमेई गंभीर झाल्या. त्या दिवशीचा विषय अवघड होता. "ज्यांचा कणा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात मोडलाय, त्यांनी नीट ऐका. खाली काही टोचलं, नळी तुंबली, पोट साफ झालं नाही, तर तुम्हाला दुखणार नाही. पण शरीर घाबरतं. रक्तदाब एकदम चढतो. डोकं फुटल्यासारखं ठणकतं, तोंड लाल होतं, कपाळाला घाम सुटतो. अशा वेळी माणसाला आडवं करायचं नाही. ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, कपडे सैल करायचे. आणि मग कारण शोधायचं. आधी नळी, मग पोट, मग कातडी. कारण सापडेपर्यंत थांबायचं नाही. उशीर झाला तर मेंदूतली रक्तवाहिनी फुटते."

"भुताच्या गोष्टी," ता-शुन पुटपुटले. "फंग, चल. बागेत माणसं खोळंबलीत."

"तुम्ही बाहेर थांबा, मालक. मला ऐकायचंय."

ते खरोखर बाहेर निघून गेले. विजेवरची खुर्ची दाराच्या चौकटीला धडकवत गेले. आ-फंग शेवटपर्यंत बसली. निघताना तिने रुइमेईकडून एक छापील कार्ड घेतले. ते नेहमी खुर्चीला अडकवून ठेवायचे, त्यावर हेच सगळे डॉक्टरांच्या सहीने लिहिलेले होते. मग तिने माझ्याकडे पाहिले. "ताई, हा नेऊ का थोडे दिवस? ते घेऊ देणार नाहीत, पण मी लपवून ठेवीन." "ने," रुइमेई म्हणाल्या, "मला छिंग दुसरा करून देईल."

तेव्हापासून मी ता-शुनच्या खुर्चीमागच्या पिशवीत तळाशी राहू लागलो. ते झोपले की आ-फंग मला हळूच काढून त्यांची पाठ बघे. ते एकदा जागे झाले आणि तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

मार्चमध्ये जामाची तोडणी ऐन भरात होती. दुपारी मजूर जेवायला गेले होते. ता-शुन झाडांखालून खुर्ची फिरवत होते. छाटणीची कात्री ते नेहमी मांडीवर ठेवत. ती त्यांना चालवता येत नव्हती, पण म्हणत, "जवळ असली की मालक असल्यासारखं वाटतं." आ-फंग पेट्या लावत होती.

"फंग," त्यांनी हाक मारली. "डोकं..."

ती धावली. त्यांचा चेहरा आणि मान लालबुंद झाली होती. कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या, पण हातांवर काटा आला होता. "डोक्यात हातोडे मारतंय कोणी. आडवं कर मला. आडवं कर गं."

आ-फंगचे हात खुर्चीची पाठ खाली करणाऱ्या कळीवर गेले. मी पिशवीत होतो, मला तिचा श्वास ऐकू येत होता; दिसले नाही ते पुढे तिच्याच तोंडून कळले. मग ती थांबली.

"नाही. आडवं नाही करायचं."

"मरतोय मी!"

"म्हणूनच नाही करायचं!"

तिने त्यांचे पाय खुर्चीच्या पाय टेकवायच्या पट्टीवरून खाली सोडले, पट्टा काढला, पँटचे बटण उघडले. फोन काढून मदत मागवली. नळी बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपली. कुठे पीळ नव्हता, नळीच्या पिशवीत लघवी उतरत होती. पोट सकाळीच साफ झाले होते. मग काय? ता-शुन आता ओरडतही नव्हते. त्यांचे डोळे अर्धे मिटले होते.

"ता-शुन! ता-शुन, माझ्याकडे बघ!" मालक म्हणायचे ती विसरली होती. त्यांना एका बाजूला कलवून खाली बघायचा तिने प्रयत्न केला, पण ते भारी होते, आणि दोन्ही हात त्यांना सावरण्यातच गुंतले. तिला काही दिसेना.

रुग्णवाहिका आली. एक वयस्कर कर्मचारी आणि एक तरुणी उतरले. तरुणीने रक्तदाब मोजला आणि ती दचकली. "दोनशे दहा! काका, स्ट्रेचर. आडवं घेऊ या."

आ-फंग खुर्चीसमोर हात पसरून उभी राहिली. "हात लावायचा नाही! आडवं केलं तर अजून चढेल!"

"ताई, बाजूला व्हा. आम्हाला आमचं काम करू द्या."

"हे वाचा आधी!" तिने खुर्चीला अडकवलेले कार्ड ओढून त्यांच्या तोंडासमोर धरले. वयस्कर कर्मचाऱ्याने ते हातात घेतले. त्याने वाचले. मित्रांनो, ते वाचणे मला तो ट्रक मागून येत होता त्या क्षणांपेक्षाही लांबलेले वाटले.

"बसवूनच ठेवू," तो शेवटी म्हणाला. "कारण काय सापडलं?"

"कातडी राहिली बघायची. तुम्ही त्यांना कलवून धरा. मी बघते."

दोघांनी ता-शुनना बगलेत धरून डावीकडे उचलले. आ-फंगने पिशवीच्या तळातून मला ओढून काढले आणि मांडीखालच्या फटीत सरकवले. आत अंधार होता. "उजेड!" ती ओरडली. तरुणीने विजेरी माझ्यावर धरली, आणि मला दिसले. कात्री मांडीवरून घसरून खाली गेली होती. तिची कडी निघून पाती उघडली होती. एक पाते पँट फाडून मांडीत रुतले होते, आणि त्यावर त्यांचे सगळे वजन होते. रक्त खुर्चीच्या गादीत मुरले होते. त्यांना त्यातले काहीच कळले नव्हते.

माझ्यात ते आ-फंगनेही पाहिले. तिने हात घालून कात्री बाहेर काढली. वयस्कर कर्मचाऱ्याने जखमेवर कापड दाबून धरले.

"एकशे नव्वद," तरुणी म्हणाली. तिने पुन्हा मोजले. "एकशे साठ." मग बराच वेळ गेला. "एकशे पंचवीस."

ता-शुननी डोळे उघडले. आ-फंग चिखलात बसली आणि हुंदके देऊ लागली. ते म्हणाले, "पेट्या उन्हात आहेत गं." तिने तसेच रडत रडत त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ता-शुन व्याख्यानाला आले. त्यांनी स्वतःहून ध्वनिक्षेपक मागितला. तो त्यांना धरता येत नव्हता, म्हणून आ-फंगने त्यांच्या तोंडाशी धरला.

"मागच्या वेळी मी उठून... म्हणजे, खुर्ची फिरवून निघून गेलो होतो," ते म्हणाले. "ही थांबली. ही थांबली नसती तर आज इथे मी नसतो."

"कात्रीचंही सांगा, मालक."

"सांगतो ना! दम तर घेऊ दे."

त्याच दिवशी मी रुइमेईकडे परतलो. त्यानंतर दोन वर्षांनी इस्पितळाने नवे आरसे आणले. त्यांना दिवे होते, दांडे हवे तसे वळत. मला सभागृहाच्या कपाटात ठेवले. मला वाईट वाटले, पण नव्या आरशांमुळे अनेकांना आपली पाठ दिसू लागली, हेही मला समजत होते. कपाटातही मला बाहेरचे बोलणे ऐकू येई. रुइमेई आता गावोगावी व्याख्याने देत होत्या, आठवड्यात चार-चार.

एका शनिवारी मी कपाटातून ता-शुनचा आवाज ऐकला. "बाई, आज किती तास बसून आहात?"

"सकाळपासून. का हो?"

"चेहरा बरा नाही तुमचा. स्वतःची पाठ कधी बघितली शेवटची?"

रुइमेईंनी कागद चाळल्याचा आवाज आला.

"कधी बघितली?"

"मागच्या... आठ दिवस झाले असतील. वेळच मिळाला नाही हो, दादा."

"फंग," ता-शुन म्हणाले, "बाईंना शेजारच्या खोलीत ने. आत्ताच्या आत्ता."

नवे आरसे त्या दिवशी दुसऱ्या गावी गेले होते. कपाटाचे दार उघडले आणि आ-फंगच्या हाताने मला उचलले. रुइमेईच्या जुन्या जखमेच्या व्रणाशेजारी नाण्याएवढा लाल डाग होता. आ-फंगने बोटाने दाबून पाहिले. डाग पांढरा पडला नाही. ती खोल जखमेची सुरुवात होती. आणखी काही दिवस गेले असते, तर पुन्हा महिनोन् महिने पालथे पडणे आले असते.

माझ्यात तो डाग पाहून रुइमेई रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मीच सगळ्यांना सांगत फिरते."

"सांगणाऱ्यालाही कोणी विचारावं लागतं, ताई," आ-फंग म्हणाली. "कूस बदला बघू."

त्या तीन आठवडे घरी झोपून राहिल्या. डाग फिकट होत होत गेला. तेवढे दिवस सगळी व्याख्याने ता-शुननी दिली. बरीच वेडीवाकडी दिली, आणि लोक हसले.

मित्रांनो, आता माझा पारा उडत चालला आहे आणि माझ्यात माणसे धूसर दिसतात. माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. तुमच्या ओळखीत कोणी चाकाच्या खुर्चीत असेल, तर त्याच्याकडे कीव करून बघू नका. त्याला विचारा, "आज पाठ पाहिलीस का?" आणि तो लाजला, चिडला, दार धडकवून निघून गेला, तरी तुम्ही थांबा.