तळघराचा अकरावा नकाशा

मिनेसोटात बेसमेंटमध्ये खोली काढायची तर खिडकीचा खड्डा जमीन गोठायच्या आत खणावा लागतो. हे वाक्य मी गेल्या आठ महिन्यांत इतक्यांदा म्हटलंय की मला माझ्याच आवाजाचा वीट आलाय. इथला नियम असा, की तळघरात कुणी झोपणार असेल तर आग लागल्यावर बाहेर पडता येईल एवढी मोठी खिडकी हवीच. त्यासाठी भिंत कापायची आणि बाहेरून जमीन खणायची. एकदा नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंग उलटला की त्या जमिनीपुढे मशीनसुद्धा हात टेकतं.

हा सगळा खटाटोप माझ्या सासऱ्यांसाठी. सार्वजनिक बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले, वय वर्षं चौऱ्याहत्तर, मुक्काम नागपूर. दीड वर्षापूर्वी सासूबाई गेल्या आणि या फेब्रुवारीत बाबा बाथरूममध्ये पडले. शेजारच्या शशिकांतकाकांनी दार तोडून त्यांना बाहेर काढलं. हाड मोडलं नाही हे नशीब, पण आम्हाला ते कळलं चार दिवसांनी. तेव्हापासून माझं एकच म्हणणं होतं, की यापुढे त्यांनी एकट्यानं राहायचं नाही. आमच्या घरात बेडरूम दोनच. एक आमची, एक आमच्या मुलीची, सईची. उरलं बेसमेंट.

निमिष, म्हणजे माझा नवरा, सॉफ्टवेअरमधला माणूस. त्याने मार्चमध्ये ग्राफ पेपर आणून बेसमेंटचा नकाशा काढला. चांगला काढला होता. तिथेच थांबायला हवं होतं. पण आपला बाप इंजिनिअर आहे आणि त्याला विचारल्याशिवाय त्याचीच खोली बांधणं बरं दिसत नाही, असं याच्या मनात आलं आणि त्याने तो नकाशा नागपूरला मंजुरीसाठी पाठवला. घात झाला तो इथे.

शशिकांतकाकांकडे कॉम्प्युटर होता. ते नकाशा छापून देत, बाबा त्यावर लाल शाईने शेरे लिहीत आणि काका तो कागद स्कॅन करून परत पाठवत. ‘शेरा क्र. १: हवा खेळती राहण्यासाठी छताजवळ दोन झरोके असावेत.’ झरोके! इथे जानेवारीत उणे पंचवीस असतं. नाकातले केस गोठतात. ‘शेरा क्र. २: कोपऱ्यातील विहीर बुजवावी.’ विहीर म्हणजे आमचा पंप बसवलेला खड्डा. बर्फ वितळलं की जमिनीतलं पाणी त्यात जमतं आणि पंप ते बाहेर फेकतो. तो बुजवला असता तर एप्रिलमध्ये बाबांची कॉट तरंगली असती. ‘शेरा क्र. ३: शौचालय डावीकडे घ्यावे.’

“अरे, त्यांना सांग ना की इथे असं चालत नाही,” मी म्हणायचे.

“चाळीस वर्षं बांधकामात काढलीत यार त्यांनी. डायरेक्ट नाही कसं म्हणू?”

मग हा नवा नकाशा काढायचा. दर रविवारी सकाळी नागपूरला फोन आणि पुरा एक तास चर्चा. थंडी अडवायला भिंतीत तो काचेचा कापूस किती जाड भरायचा, त्यावरचं प्लॅस्टिक आतून की बाहेरून, ओल आली तर कुठून येईल. तिकडून हुकूम सुटायचा, इकडे खोडरबर चालायचं. मे गेला, जून गेला. जो तो आपापला पदार्थ आणतो अशा एका पॉटलकला माझी मैत्रीण आसावरी म्हणाली, “एवढं काय डोकं लावताय? परमिटमध्ये स्टोरेज लिहा आणि बेड टाका. कोण बघतंय?” म्हणजे सासऱ्यांना सामान म्हणून दाखल करायचं. मी तिच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली, तिचं तोंड बंद व्हावं म्हणून.

आणि फोन कुणाला यायचे? मला. आमचा कॉन्ट्रॅक्टर डेल हा अतिशय सज्जन माणूस, पण सज्जनपणालाही काही मर्यादा असते. जुलैची तारीख मी कॅन्सल केली, सप्टेंबरची केली, ऑक्टोबरची केली. शेवटी त्याने थंड आवाजात सांगितलं, की तेरा नोव्हेंबरचा सोमवार ही शेवटची तारीख, त्यानंतर थेट मे महिना.

त्याच्या आधीच्या बुधवारी अकरावा नकाशा परत आला. ‘शौचालय उजवीकडे घ्यावे.’

उजवीकडेच होतं ते मुळात! तिसऱ्या शेऱ्यात बाबांनीच डावीकडे न्यायला लावलं होतं. मी सगळे अकरा कागद डायनिंग टेबलावर मांडले आणि एकेक वाचत गेले. नवव्यात सातवा खोडलेला, चौथ्यात पहिला. इतका हुशार माणूस इतका घोळ घालेल? आणि मग मला बाबांनीच आमच्या लग्नानंतर सांगितलेला किस्सा आठवला. कुठल्याशा मंत्र्याला आपल्या शेताजवळच्या नाल्यावर पूल हवा होता. बाबा म्हणाले होते, “आमच्या खात्यात वरच्याला नाही म्हणायची पद्धतच नाही. त्रुटी काढायच्या आणि फाईल परत पाठवायची. तीनदा परत गेली की शहाणा माणूस काय ते समजतो.”

गुरुवारी सकाळी निमिष ऑफिसला गेल्याबरोबर मी नागपूरला फोन लावला.

“काय झालं? निमिष बरा आहे नं?” बाबांनी विचारलं.

“बरा आहे. बाबा, तुम्हाला इकडे यायचंच नाहीये ना?”

ते म्हणाले, “लय वेळ लावला तुम्ही लोकांनी. मंत्री तिसऱ्या खेपेला समजले होते.”

माझा तोल गेला. सासऱ्यांशी असं बोलतात का, वगैरे विचार मी नंतर केला. “आठ महिने, बाबा! तो डेल माझ्या नावाने खडे फोडतोय. एका शब्दात सांगता येत नव्हतं?”

“सांगतो नं आता. तुम्ही दोघं कामावर, सई शाळेत, बाहेर बर्फ, अन् मी तळघरात. इथं पडलो तर शशिकांत दार तोडतो. तिथं दिवसाउजेडी पडलो तर कोण येईल?”

आठ महिन्यांत आम्ही खिडकीची उंची इंचात ठरवली होती आणि हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही पडला नव्हता.

“मग मार्चमध्येच नाही म्हणायचं होतं,” मी जरा खालच्या आवाजात म्हणाले.

“म्हटलं असतं तर नकाशे बंद झाले असते. आधी तो फोन करायचा नं, तर तब्येत विचारायचा, हवा विचारायचा, अन् ठेवतो म्हणायचा. तीन मिनिटं. मी घड्याळ पाहायचो. आता तासभर बोलतो. आईशी बोलायचा तसा.”

मला रडू आलं. राग मात्र गेला नव्हता.

“त्याला सांगू नकोस,” बाबा म्हणाले.

“सांगणार. आज संध्याकाळीच सांगणार,” म्हणून मी फोन ठेवला. सासऱ्यांच्या आधी फोन ठेवायची ती माझी पहिलीच वेळ.

संध्याकाळी निमिष बारावा नकाशा काढायला बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, काहीही मऊ न करता. तो चिडेल असं वाटलं होतं, पण त्याने नुसती पेन्सिल खाली ठेवली.

“त्यांना माझ्याशी बोलायला आवडतं, हे मला कसं कळणार?” तो म्हणाला. “लहानपणापासून त्यांनी मला फक्त मार्क विचारलेत.”

“मग तू विचार ना त्यांना काहीतरी. तब्येत आणि हवा सोडून.”

“काय विचारू?”

हे मी सांगायचं! शुक्रवारी मी डेलला फोन करून काम रद्द केलं. ‘शुअर?’ असं त्याने तीनदा विचारलं आणि मग इतका मोठा सुस्कारा सोडला की मलाही हलकं वाटलं.

रविवारी निमिषने स्पीकरवर फोन लावला. टेबलावर एकही कागद नव्हता.

“बाबा, तब्येत कशी आहे?”

“बरी आहे. तुझी?”

“बरी. हवा काय म्हणतेय?”

“थंडी सुरू झाली.”

“इकडेही.”

दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं मला वाटलं, पण मध्ये आठ हजार मैल होते. मी निमिषला टेबलाखालून लाथ मारली.

“बाबा, मी येतो,” तो एकदम म्हणाला. “जानेवारीत. एकटाच.”

“जानेवारीत? तुझ्या रजेचं काय? तिकिटं मिळत नाहीत त्या दिवसांत. अन् वरच्या खोलीला रंग द्यायचाय, तिथं सगळं सामान पसरलंय. गिझरही नीट चालत नाही. उन्हाळ्यात पाहू, पण उन्हाळ्यात तुला सोसायचं नाही...”

“बाबा,” निमिषने त्यांना मध्येच थांबवलं. एरवी त्याची हिंमत होत नाही. “शेरे नकोत. नको असेल तर नको म्हणा.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. लाइन कट झाली की काय, म्हणून मी फोनकडे वाकून पाहिलं.

“ये,” बाबा म्हणाले.

निमिष उठला, मागचं दार उघडलं आणि जॅकेटही न घालता डेकवर जाऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

“गेला का तो?” बाबांनी विचारलं.

“हो, बाहेर गेलाय.”

“त्याची आई गेली तेव्हा पाचव्या दिवशी परतला होता. या वेळी जरा जास्त राहा म्हणावं त्याला. मी म्हटलं असं नको सांगू. तुझं म्हणून सांग.”

“मी काहीही सांगणार नाही, बाबा,” मी म्हणाले. “तुम्हीच सांगा.”

आणि तशीच चपला न घालता बाहेर जाऊन मी फोन निमिषच्या कानाला लावला.