सहाव्या ठिकाणापर्यंत

माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल, ही पाव-बिस्किटे पोहोचवणारी गाडी असावी. अंगकाठी तशीच आहे खरी. पण मित्रांनो, मी एक जुनी तपासणीची गाडी आहे. आयुष्यभर मी नदीचे पाणी वाहिले, तेही बाटलीबाटलीने. आता चारही चाकांतली हवा गेली आहे आणि बोलायचाही कंटाळा येतो. तरी एकदा सांगून टाकते.

कारखान्यातून मी साधी मालगाडी म्हणूनच बाहेर पडले. मग माझ्या पोटात बाटल्यांसाठी भोकांच्या फळ्या बसवल्या, बर्फाची पेटी ठेवली, उघडमीट होणारे टेबल लावले. बाहेरून पांढरा रंग आणि त्यावर निळ्या अक्षरांत ‘नदी संरक्षण कार्यक्रम’. पहिल्या दिवशी केवढी गर्दी! मोठ्या साहेबांनी फीत कापली, मला ‘नदीची डॉक्टर’ म्हटले आणि सगळ्यांनी माझ्यासोबत फोटो काढून घेतले. गर्दी पांगल्यावर माझ्या चालकाने, म्हणजे मामांनी, कारकुनाला विचारले, “आणि डिझेलचं काय?”

“होईल,” कारकून म्हणाला.

पुढे मी हा शब्द इतक्या वेळा ऐकला, की त्याचा अर्थ ‘होणार नाही’ असा आहे हे मला लवकरच कळले.

दर मंगळवारी आम्ही नदीवरच्या सात ठिकाणी जायचो. आम्ही म्हणजे मी, मामा आणि प्रयोगशाळेतल्या बाई. बाई कमी बोलायच्या. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायच्या, काठोकाठ भरायच्या, चिठ्ठी चिकटवून बर्फात ठेवायच्या. सहावे ठिकाण सगळ्यांत लांब होते. एकोणीस किलोमीटर चिखलाचा रस्ता, शेवटी एक छोटी वस्ती आणि तिथली नाववाली. बाईंना ती दर वेळी नदीच्या मध्यावर न्यायची. “काठाचं पाणी खोटं बोलतं,” असे ती म्हणायची. वस्तीची विहीर नदीला लागूनच होती, त्यामुळे नदीत आलेले विहिरीत यायला वेळ लागत नसे.

तिसऱ्या वर्षी सहाव्या ठिकाणच्या बाटलीत विष सापडले. वरच्या अंगाला कातडी कमावण्याचा कारखाना होता, त्याचे पाणी रात्रंदिवस नदीत येत होते. बाईंच्या आकड्यांमुळे कारखान्याला पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा बसवावी लागली. वर्षभरात मासे परतले. त्या साली कार्यालयाच्या अहवालाच्या पहिल्या पानावर माझा फोटो होता. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस.

मग दिवस पालटले. वाईट कोणी वागले नाही, हेच सांगायला अवघड जाते. दर वर्षी अंदाजपत्रकाच्या बैठकीतून बाई बाहेर येत आणि माझ्या पायरीवर बसत.

“मामा, नवीन गाडी घ्यायला पैसे आहेत. असलेली चालवायला नाहीत. खरेदीचं खातं वेगळं, देखभालीचं वेगळं.”

“म्हणजे बैल घ्यायचा आणि वैरणीचं नाव काढायचं नाही,” मामा म्हणायचे.

एका वर्षी तर सगळा निधी शेवटच्या महिन्यात आला. अकरा दिवसांत खर्च केला नाही तर परत जाणार होता. अकरा दिवसांत काय होणार? ‘नदी वाचवा’ लिहिलेल्या शंभर पाट्या झाल्या. त्या पाट्या गावभर मीच वाहिल्या, गुळगुळीत झालेल्या टायरांवर.

लेखाधिकाऱ्यांना सगळे कार्यालय पाठीमागे कात्रीसाहेब म्हणत असे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. मोडलेल्या चष्म्याला दोरा बांधून ते वर्षानुवर्षे तोच चष्मा वापरत, म्हणजे स्वतःच्या खर्चालाही त्यांची कात्री लागायचीच. एका वाईट वर्षी वरून हुकूम आला, की प्रत्येक कार्यक्रमातून चौथा हिस्सा कापा. बाई भांडायला गेल्या आणि अर्ध्या तासात परत आल्या.

“काय म्हणाले?” मामांनी विचारले.

“म्हणाले, तुम्हीच सांगा कुठे कापू. रोपवाटिकेत बारा बायका रोजावर आहेत. कचऱ्याच्या गाड्या थांबल्या तर चौथ्या दिवशी लोक दारात येतील. तुमच्या फेऱ्या थांबल्या तर उद्या कोण ओरडणार आहे?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? खरंच कोणी ओरडणार नाही.”

पगार कापता येत नव्हते, म्हणून सातातली तीन ठिकाणे वगळायची होती, आणि कोणती ते बाईंनीच लिहून द्यायचे होते. दोन नावे त्यांनी लगेच लिहिली. तिसऱ्यासाठी त्या बराच वेळ पेन हातात धरून बसल्या. एकट्या सहाव्या ठिकाणालाच अर्धे डिझेल लागत होते.

“सहावं,” त्या शेवटी म्हणाल्या.

“नाववालीला सांगायला हवं, बाई.”

“काय सांगू, मामा? पाणी तेच आहे, फक्त यापुढे आम्ही बघणार नाही, असं?”

कोणीच सांगितले नाही.

दहा महिने गेले. कारखान्याची यंत्रणा मधेच बिघडली. ती दुरुस्त करणेही कोणाला तरी महाग वाटले असावे, आणि तपासायला कोणी येत नाही हे तिथे ठाऊक होते. एका दुपारी त्या रस्त्याने बस चालवणाऱ्या माणसाने मामांना सांगितले, की वस्तीतली माणसे एकामागून एक आजारी पडत आहेत. मामा सरळ बाईंकडे गेले. परवानगीसाठी थांबायला दोघांनाही धीर नव्हता. डिझेल मामांनी स्वतःच्या खिशातून भरले. त्या दिवशी मी खड्डे पाहिले नाहीत.

नावेवर नाववालीचा दीर होता. “वहिनी दवाखान्यात आहे. बारा जण आहेत तिथं,” तो म्हणाला. बाईंनी बाटली तीनदा विसळली. चिठ्ठी मात्र त्यांना दोनदा लिहावी लागली.

आकडे आले तसा कारखाना बंद झाला, विहिरीला कुलूप लागले, वस्तीला टँकर सुरू झाला. अकरा जण घरी परतले. एक म्हातारा आला नाही. नाववालीला महिन्याभराने आम्हीच घरी सोडले. माझ्या पोटात, बाटल्यांच्या फळ्यांशेजारी ती टेकून बसली होती. तिच्या बोटांतली ताकद गेली होती, वल्हे आता धरता येणार नव्हते. अर्धा रस्ता झाल्यावर ती बोलली.

“बाई, मंगळवारी मी वाट बघायचे. मग वाटलं, तुम्ही येत नाही म्हणजे पाणी चांगलं झालं असेल.”

मामांनी माझा वेग उगाचच कमी केला. मित्रांनो, मी पुष्कळ ओझी वाहिली, पण त्या दिवसाएवढी जड मी कधीच झाले नाही.

मग चौकशी लागली. सहावे ठिकाण कोणी वगळले? कागद बाईंच्या अक्षरात होता, सही त्यांची होती. त्यांना मेमो मिळाला. कात्रीसाहेब गप्प बसले असते तर त्यांना कोणी हात लावला नसता, कारण त्यांच्या कागदावर फक्त ‘चौथा हिस्सा’ असे होते. ठिकाणाचे नाव त्यात कुठेच नव्हते. पण पुढच्या मंगळवारी ते खाली आले, मामांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “मला सहाव्या ठिकाणी न्या.”

बाई मागे बाटल्यांशेजारी बसल्या. उतरल्यावर त्यांचे बूट घोट्यापर्यंत चिखलात गेले. नाववाली दारात बसली होती.

“हे कोण, बाई?”

“आमचे लेखाधिकारी. पैशाचं बघतात.”

“लांबून आलेत, त्यांना पाणी द्या गं कोणीतरी,” ती आत पाहून म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली. “टँकरचं आहे साहेब, घाबरू नका.”

साहेबांनी पेला दोन्ही हातांनी घेतला. पाणी प्यायला त्यांना फार वेळ लागला.

परत येताना त्यांनी मांडीवर कागद ठेवून चौकशीला उत्तर लिहिले. धक्क्यांमुळे अक्षर वाकडे येत होते. शेवटी त्यांनी ते बाईंना वाचून दाखवले. “कपात कुठे करायची हे ठरवणं माझं काम होतं. ते मी या बाईंवर ढकललं. जबाबदारी माझी.”

“साहेब, तुमची बढती जवळ आली आहे,” बाई म्हणाल्या.

“माहीत आहे,” ते म्हणाले.

बढती गेली. बाईंचा मेमो मागे घेतला गेला. निवृत्तीच्या आधीच्या अंदाजपत्रकात साहेबांनी एक नवी ओळ घातली. ‘नमुना फेऱ्या, सातही ठिकाणे. हा निधी अन्य कामाकडे वळवू नये.’ बाई सांगतात, दर वर्षी कोणीतरी त्या ओळीवर पेन्सिल टेकवतो आणि त्यांना पुन्हा सगळे पहिल्यापासून समजावून सांगावे लागते. त्या थकल्या आहेत. पण ओळ अजून आहे.

मी मात्र त्या ओळीत नाही. माझे इंजिन चढावर बसले आणि दुरुस्तीचा खर्च माझ्या किमतीहून जास्त निघाला. आता भाड्याची जीप जाते. मामाही निवृत्त झाले. मला कार्यालयामागे जनरेटरशेजारी उभे केले आहे आणि कागदोपत्री मी केव्हाच संपले आहे. याचे मला दुःख नाही. जीप वेळेवर निघते, तेवढे पुरे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यापैकी कोणी त्या बैठकीच्या टेबलाशी बसेल, हातात पेन्सिल असेल. पैसा कुणालाच पुरत नाही, कुठेतरी कापावे लागेलच. तेव्हा नवे काय घ्यायचे ते जरूर ठरवा, पण आहे ते सांभाळायला काय ठेवले आहे तेही विचारा. आणि एखादी ओळ खोडण्याआधी ती ओळ जिथे पोहोचते तिथपर्यंत एकदा जा. रस्ता खराब असेल. तरी जा, आणि तिथल्या माणसांना स्वतःच्या तोंडाने सांगून या.