बाबांचा पुढचा दात

बाबांचा पुढचा दात तुटला आणि त्यांचं सलून गप्प झालं.

तुटला तोही कशाने, तर टॉफीने. कात्री चालू असताना शहाण्यासारखं बसणाऱ्या मुलांसाठी आरशाखाली टॉफ्यांची बरणी असायची, पण मुलांपेक्षा बाबाच ती जास्त फस्त करायचे. वर दर गिऱ्हाइकागणिक चहा, तोही पाकासारखा गोड, आणि त्यात बुडवलेलं क्रीमचं बिस्किट. दात आतून कधीच पोखरला होता, टॉफीचं नुसतं निमित्त झालं. उरलेल्या दातांवर चहाने असा काही रंग चढवला होता की आई म्हणायची, "तुमचे दात आणि आपली किटली एकदाच घासायला काढते."

आणि गंमत अशी की या माणसाची लेक पोटासाठी दात बनवायची. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक खोली होती, तिथे चिमी दिवसभर पांढरी पूड पाण्यात कालवून बारीक ब्रशाने दातावर थर चढवायची आणि भट्टीत भाजायची. "बाबा, चहा प्यायचा तर एकदाच पिऊन मोकळे व्हा," ती सांगून थकली होती. "दिवसभर घोट घोट घेता, त्या गोडातून दातांना सुटकाच नाही." बाबा हसत हसत ऐकायचे आणि हसत हसत कानाआड करायचे.

आता हसणंच बंद झालं. ज्यांच्या तोंडाचा पट्टा कात्रीपेक्षा जोरात चालायचा ते बाबा मूग गिळून केस कापू लागले. न्हाव्याला बोलायचं ते आरशात बघून, आणि आरशात दर शब्दाला ती खिंड दिसायची. दुसऱ्या कुणी विनोद केला तर बाबांचा हात कंगव्यासकट तोंडावर जायचा. वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत बसणारे मास्तर शेवटी घरी आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, माझं काही चुकलं का? हल्ली ते माझ्याशी बोलत नाहीत." ते चिमीने ऐकलं.

दात तिने स्वतःच करायला घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी दात साफ करू, चहा जरा कमी होऊ दे, मग रंग ठरव."

"मॅडम, बाबा चहा सोडतील त्या दिवशी सूर्य पश्चिमेला उगवेल," चिमी म्हणाली. "आहे तोच रंग घेते."

नमुन्यांची पट्टी तिने बाबांच्या दातांशी धरली, तर सगळ्यात गडद नमुनाही फिका पडला. मग तिने आपल्या हाताने तपकिरी रंग मिसळला, हिरडीजवळची चहाची रेघसुद्धा ओढली. दात बसला तेव्हा आईने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "यातला नवा कुठला?" चिमीला याहून मोठी शाबासकी नको होती.

सलून पुन्हा बोलू लागलं. मग चिमी काही महिने नव्या भट्टीचं काम शिकायला परगावी गेली. फोनवर बाबा ठणठणीत असायचे. पण परत आली तर तोच हात, त्याच तोंडावर.

आपण केलेला दात हलला, की चिरला? तिने तोंड उघडून दाखवायला सांगितलं. "काही नाही गं," एवढं बोलून बाबा खोलीबाहेर. आई म्हणाली, "मला विचारू नकोस. मला बोलायची बंदी आहे."

दुसऱ्या दिवशी चिमी सरळ सलूनच्या खुर्चीत जाऊन बसली. "केस कापा."

बाबा ओठ मिटून कापू लागले. चिमीने आरशात बघत त्यांचाच जुना विनोद सांगायला घेतला, टकलू गिऱ्हाईक आणि तेलाच्या बाटलीचा, आणि मुद्दाम शेवट आधी सांगून टाकला. बाबांनी थोडा वेळ कळ काढली. मग राहवेना.

"अगं, असं नाही! बाटली शेवटी येते!"

आणि आरशात दिसली स्वच्छ, उजळ दातांची ओळ, आणि तिच्या मधोमध एकच किटलीच्या रंगाचा दात.

बाबा बाकावर बसले. "खराब केला मी तुझा दात, चिमे. एवढा जपला तरी. डॉक्टरीणबाईंकडून सगळे साफ करून घेतले, चहा सोडला, बिस्किट सोडलं, टॉफ्या बरणीसकट वाटून टाकल्या. भूक लागली की काकडी खातो, गाजर खातो. तरी हा मेला एकटाच पिवळा पडत गेला. तुला काय तोंड दाखवू?"

चिमी खुर्चीत वळून बसली. "बाबा, तो पिवळा पडला नाही. मी केला तसाच आहे. भट्टीतल्या दाताचा रंग बदलत नाही. तुमचे बाकीचे उजळले."

"म्हणजे माझे सगळेच असे होते?"

"सगळे."

बाबांनी पुन्हा आरशात बघितलं. "आणि तुझी आई माझ्याशी बोलत होती?"

चिमी हसली. "चूक माझी आहे. मॅडम थांब म्हणत होत्या. मला वाटलं, तुम्ही काही बदलणार नाही."

"माझ्या दातांसाठी नसतोच बदललो," बाबा म्हणाले. "पण हा तू केलास. त्यावर डाग पडू द्यायचा?"

चिमीने त्याच आठवड्यात उजळ रंगाचा नवा दात केला. तो तिच्या टेबलावर डबीत तयार आहे, पण बसवून घ्यायला बाबांना वेळ नाही. कारण खुर्चीत बसलेलं प्रत्येक गिऱ्हाईक आरशात बघतं आणि त्या दाताबद्दल विचारतं. मग बाबा कात्री थांबवतात, सगळी ओळ नीट दाखवतात आणि सांगतात, "बाकीच्यांनी चहा सोडला. हा एकटा अजून ऐकत नाही." मास्तरांनी तर हे कितीदा ऐकलंय, तरी दर वेळी खुर्चीत गदगदून हसतात, आणि बाबाही हसतात. हसताना त्यांच्या एका हातात कात्री असते, दुसऱ्यात कंगवा, आणि दोन्ही हात खालीच असतात.