मानलेली बहीण

माझ्या भावानं, चंद्रभाननं, भर वॉर्डात सांगितलं का मी त्याची सख्खी बहीण नाही. मानलेली आहे म्हणे. लहानपणी ज्याचं नाक मी पुसलं, ज्याले छप्पन्न वर्षं राखी बांधली, त्यानं मले एका मिनिटात परकी करून टाकली.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतं तुम्ही म्हणाल, म्हातारी उगाच चिडून राहिली.

तीन वर्षांआधी माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं, नागपुरात. ऑपरेशन बरोबर झालं, पण उठायची वेळ झाली तं मी काही उठेना. हात हालेना, पापणी उघडेना, श्वासही माझ्या वाट्याचा मशीनच घेऊन राहिली होती. कानाले मात्र सगळं ऐकू येत होतं. दोन नर्सा पाटवडीच्या रश्श्यात खोबरं घालावं का खसखस, यावर भांडत होत्या. मी मनातल्या मनात म्हणत होती, बायांनो, आधी मले उठवा, मंग सांगते काय घालायचं ते. पाच तासांनी माझं बोट हाललं.

तपासणीत निघालं का माझ्या रक्तात एक एन्झाइम जन्मापासूनच कमी आहे. घशात नळी घालायच्या आधी अंग ढिलं करायचं एक औषध देतात. बाकीच्यांच्या रक्तात ते चार-पाच मिनिटांत विरून जाते, माझ्या रक्तात पाहुण्यासारखं मुक्काम ठोकून बसते. एरवी काही त्रास नाही. शेतात राबा, लग्नात नाचा. फक्त ऑपरेशनच्या आधी डॉक्टरले सांगायचं अन् सख्ख्या भावंडांनीही रक्त तपासून घ्यायचं, असं एका कार्डावर लिहून दिलं.

चंद्रभाननं तपासलं का? नाव नका काढू. त्याची पोट्टी कामिनी लग्नाची झाली होती. रक्तात खोट म्हटलं का सोयरीक मोडते, एवढंच त्याचं डॉक्टरी ज्ञान.

यंदा त्याच्या पित्ताशयात खडे निघाले. नागपुरातच, सक्करदऱ्याच्या एका दवाखान्यात भरती केलं. दुर्बिणीतून ऑपरेशन, म्हणजे पूर्ण भूल. आदल्या दिवशी मी कार्ड घेऊन गावाहून, पारशिवनीहून पोचली, तं कामिनीचे होणारे सासरे कृष्णकांतजी शहाळं घेऊन भेटाले आलेले. साक्षगंधाची तारीख निघाली होती, म्हणून त्यांना खुर्ची अन् मले स्टूल. तेवढ्यात भुलीची डॉक्टरीण आली, वेदिका मॅडम. तिनं विचारलं, घरात कोणाले भुलीचा त्रास झाला होता का. चंद्रभान नाही म्हणाला. मी कार्ड काढून तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं अन् त्याले विचारलं, ह्या तुमच्या कोण.

चंद्रभाननं एकदा कृष्णकांतजींकडे पाहिलं.

"मानलेली बहीण आहे. गावातली. रक्ताचं नातं नाही."

मॅडमनं कार्ड मले वापस दिलं. मी, जिच्या तोंडाले सारं गाव भिते, उठली अन् बाहेर निघून गेली. ऑटोत बसली, बसस्टँडवर चल म्हटलं. मर तिकडे, म्हटलं, मानलेल्या बहिणीले मानलेलं सुतक.

ऑटो चौकापर्यंत गेला असेल. मले ते पाच तास आठवले. डोळ्यांपुढं अंधार, अन् आपण जिवंत आहो हे सांगाले एक बोट नाही. मी निभावलं, पण चंद्रभान तं पक्का भित्रा. विंचू दिसला का माझ्या परकरामागं लपायचा. ऑटोवाल्याले म्हटलं, थांब गा, उतरते. तो बडबडला, मी बडबडू दिलं.

मॅडमले तिच्या खोलीत गाठलं. सांगितलं, माझा भाऊ खोटारडा आहे, पण सख्खा आहे. मंग असं काहून बोलले, तिनं विचारलं. पोट्टीच्या सोयरिकीपायी, मी म्हटलं. ती म्हणाली, संशय आला तेवढा पुरे, ते औषध आता वापरणारच नाही. दुसरं देऊ, त्याचा उतारा हाताशी ठेवू, अन् रक्त तपासाले पाठवू. मी हात जोडले. म्हटलं, फक्त त्याच्या सोयऱ्यासमोर काही बोलू नका.

ऑपरेशन झालं. चंद्रभान वेळेवर उठला अन् उठल्याबरोबर चहा मागितला. मेल्यानं मले नमस्कारही केला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला. माझ्या रक्तात जे, तेच त्याच्या. मॅडमनं त्याले एकट्याले सांगितलं, अन् म्हणाली का कामिनीचंही तपासा. उद्या बाळंतपणात घाईनं पोट उघडावं लागलं अन् कोणाले माहीतच नसलं तं? चंद्रभान दुपारी जेवला नाही. स्वतःचा जीव त्यानं खुशाल जुगारात लावला होता. पोट्टीचा लावता येईना.

कृष्णकांतजी आले, साक्षगंधाच्या हॉलचं सांगून राहिले होते. चंद्रभाननं त्यांना मधेच थांबवलं.

"मी खोटं बोललो, कृष्णकांतजी. ही माझी सख्खी बहीण आहे. हिच्या रक्तात आहे ते माझ्या रक्तात निघालं, पोट्टीच्याही निघू शकते. आजच तिचं तपासाले देऊन राहिलो."

कृष्णकांतजींनी चहाचा कप अर्धाच ठेवला. घरी विचारून सांगतो, म्हणाले. दोन महिने झाले, अजून विचारूनच राहिले. कामिनीनं मात्र त्याच दुपारी रक्त दिलं.

ते गेल्यावर चंद्रभान माझ्याकडे पाहून "बाई" म्हणाला अन् त्याचे खांदे हलाले लागले. मी उशी त्याच्या पोटावर दाबून धरली.

"रडू नको गा," म्हटलं, "टाके तुटतील."

मले काही टाके नव्हते. मी रडून घेतलं.